भाजलेल्या हातासाठी प्रेशर ग्लोव्ह आणि सिलिकॉन शीट: सव्वादोन वर्षं वापरून लिहिते आहे

मी पंचवटीत ब्लाउज शिवते, एकोणीस वर्षं झाली. २० ऑक्टोबर २०२२ ला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, चकल्यांची कढई उतरवताना सांडशी निसटली आणि तेल डाव्या हातावर आलं. पंजाची पाठ, मनगट, तिथून कोपरापर्यंतची वरची बाजू, आणि कोपराच्या वर पुरीएवढा एक वेगळा डाग. जाऊबाईंनी हात धरून नळाखाली घातला आणि वीस मिनिटं काढू दिला नाही. शेजारून टूथपेस्ट आली होती, ती त्यांनी परत पाठवली. पुढे डॉक्टरांनी ड्रेसिंग करताना पहिलं विचारलं ते हेच, की पाणी किती वेळ सोडलं होतं.

त्या हिवाळ्यात रात्री खाजेने झोप लागायची नाही. मग मोबाइलवर प्रेशर गारमेंट (वणाला सतत दाबून ठेवणारे घट्ट कपडे) आणि सिलिकॉन शीट (वणावर ठेवायची मऊ, पातळ पट्टी) यांचे रिव्ह्यू वाचत बसायचे. सगळे आठ दिवसांचे, फार तर महिन्याचे. कोणी लिहिलेलं, ‘पंधरा दिवसांत डाग गेला, पाच स्टार.’ कोणी लिहिलेलं, ‘पैसे पाण्यात, डाग उलट वाढला, एक स्टार.’ आज वाटतं, दोघांनीही लिहायची घाई केली. पंधरा दिवसांत गेला तो डाग मुळात वरवरचा असणार. आणि खोल भाजलेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण बहुतेक वाढतोच, अंगावर काहीही घाला. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी खूप कमी रडले असते. म्हणून हे लांबलचक लिहिते.

वस्तूंबद्दल लिहिण्याआधी वणाबद्दल लिहावं लागेल, नाहीतर काय चांगलं आणि काय वाईट हे कळणारच नाही.

माझ्या हातावर एकाच तेलाने तीन प्रकारचं भाजलं. कोपराकडचा भाग बारा दिवसांत भरला, आज तिथे फक्त रंगाचा फरक आहे. पंजाच्या पाठीला पाच आठवडे लागले. मनगटावरचा भाग भरेचना, म्हणून अठराव्या दिवशी मांडीची पातळ कातडी काढून तिथे बसवली. डॉक्टरांचा हिशेब सोपा होता. दोन आठवड्यांच्या आत भरलं तर जाड वण सहसा येत नाही, तीन आठवड्यांच्या पुढे गेलं तर येण्याची शक्यता बरीच. बसवलेल्या कातडीवर जाळीची नक्षी राहते, कारण जास्त जागा झाकावी म्हणून तिला बारीक चिरा पाडून ताणतात. माझ्या मनगटावर ती आजही नेटच्या कापडासारखी दिसते.

जखम बंद झाली तेव्हा, नोव्हेंबरच्या शेवटी, हात सपाट होता. गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पण सपाट. मला वाटलं, सुटलो. मग डिसेंबरात तो लाल व्हायला लागला, जानेवारीत वर आला, आणि संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळायला बसले तर डावी मूठच मिटेना. मार्चमध्ये, पाचव्या महिन्यात, कळस झाला. जांभळट लाल, चकचकीत, आणि हाताला बकरम लावल्यासारखा कडक. रंगपंचमीला मुलगा शनी चौकात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा मारायला गेला, मी दारं लावून आत बसले. रंग हाताला लागायला नको हे एक कारण होतं. दुसरं असं, की कोणी तो हात बघावा असं मला वाटत नव्हतं.

असं का होतं हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मला माझ्या भाषेत लगेच कळलं. जखम उघडी आहे म्हटल्यावर शरीर आधी घाईघाईने कच्चे टाके घालतं. कोलॅजन नावाच्या धाग्याचा एक प्रकार, तिसऱ्या क्रमांकाचा, आडवातिडवा भरून टाकतं. रक्तवाहिन्यांचं जाळं तिथे धावून येतं, म्हणून लाली. काही पेशी कडा धरून आत ओढत राहतात, म्हणून ओढ बसते आणि सांधा आवळतो. मग महिनोन्महिने तेच कच्चे टाके उसवून त्यांच्या जागी पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची पक्की शिवण घालण्याचं काम चालतं. जाड वणात घालणं जास्त आणि उसवणं कमी, असा तोल बराच काळ बिघडलेला राहतो. तो तोल सावरायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. आणि शिवण कितीही पक्की झाली तरी मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपलीकडे ताकद येत नाही. रफू केलेल्या जागेची गोष्टही हीच असते, गिऱ्हाइकाला मी हे कितीदा सांगितलंय.

शेजारच्या काकू म्हणायच्या, हा केलॉइड आहे, हा वाढतच जाणार. डॉक्टर म्हणाले, केलॉइड जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर चढतो, जाड वण हद्दीतच राहतो. मी दर महिन्याच्या २० तारखेला खिडकीतल्या त्याच उजेडात, शेजारी टेप ठेवून हाताचा फोटो काढायचे. सत्तावीस फोटो आहेत. हद्द एकदाही ओलांडलेली नाही.

आता वस्तू.

पहिली बाही मी ऑनलाइन मागवली, साडेसहाशे रुपयांना. स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही, रेडिमेड मापाचाच आहे. मनगटाला ती इतकी घट्ट की बोटांची टोकं निळसर व्हायची आणि मधे, जिथे दाब हवा, तिथे सैल. शिवण आतल्या बाजूला, तीही ओव्हरलॉकची जाड. नव्या कातडीला घासणं सोसत नाही, सुरुवातीचे काही महिने साध्या घर्षणानेही फोड येतात. चौथ्या दिवशी मनगटावर फोड आला, फुटला, आणि उघड्या जखमेवर दाब द्यायचा नसतो म्हणून दहा दिवस सगळंच बंद. याला एकही स्टार देणार नाही. हात-पाय-मानेवर खोल भाजलेलं असेल तर रेडिमेड घेऊ नका.

दुसरी मापाने शिवलेली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी शरणपूर रोडच्या बाजूचं एक लहानसं दुकान सांगितलं, तिथे कृत्रिम पाय, कमरेचे पट्टे असलं काम चालतं. त्यांनी माप घेतलं तेव्हाच मी निश्चिंत झाले. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने आकार काढला. मग दर दीड इंचावर हाताचा घेर, प्रत्येक बोटाचा मुळाशी आणि टोकाशी घेर, दोन बोटांमधल्या बेचक्याची खोली. एकूण एकतीस मापं, मी मोजली. कटोरी ब्लाउजला सुद्धा मी इतकी घेत नाही. आपण मापात सैल धरतो, ते उलट मापातून थोडं कमी करतात, म्हणजे ताणलेलं कापड सतत दाबत राहील. हा दाब पाऱ्याच्या मोजमापात साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो. त्याने तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि धागे एका रेषेत बसतात असं मानतात. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत भाजलेल्या मुलांच्या उपचारातून रूढ झाली.

शिवणीबद्दल मला बोलण्याचा अधिकार आहे. शिवण बाहेरच्या बाजूला, सपाट झिगझॅग, बोटांच्या कडेने फिरवलेली, बोटांच्या पोटावर एकही टीप नाही. बोटांची टोकं उघडी, रंग बघता यावा आणि सुई धरता यावी म्हणून. कापड चारी बाजूंनी सारखं ताणलं जाणारं. दोन तक्रारी होत्या. एक, मनगटाला वेल्क्रो होतं. येवल्याच्या पैठणीचा ब्लाउज हातात असताना त्याचे काटे जरीत अडकले आणि गिऱ्हाइकाच्या कापडाची एक तार ओढली गेली. ते मी माझ्या पैशाने निस्तरलं. पुढच्या जोडाला चेन लावून घेतली, चेनीखाली पट्टी. दुसरी, अंगठ्याच्या बेचक्यात ग्लोव्ह टेकतच नव्हता. खोलगट जागेवर कापड ताणून बसतं, आत दाबत नाही. तिथला वण फुगायला लागला तेव्हा मॅडमनी सिलिकॉनची लहान गादी करून आत बसवायला लावली. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. तुमच्या बेचक्यांत, तळव्याच्या खळग्यात ग्लोव्ह पोकळ राहतो का, हे दुकानातच बोट घालून बघा.

एक जोड तेव्हा २,२०० रुपयांना पडायचा. दोन लागतात, एक धुवायला, एक घालायला, कारण दिवसाचे तेवीस तास घालायचा असतो. उरलेला एक तास आंघोळ, मालीश आणि क्रीम. आणि दोन-तीन महिन्यांत लवचीकपणा जातो, मग पुन्हा मापं, पुन्हा जोड. हा खर्च आधी कोणी सांगत नाही. मी वीस महिन्यांत सात वेळा जोड बदलले. प्रत्येक वेळी मापं नव्याने घेतली, कारण सूज उतरते, वण बसतो, हाताचा घेर बदलतो. तिसऱ्या वेळी दुकानातला मुलगा म्हणाला, ‘मावशी, जुनीच मापं आहेत वहीत, त्यावर शिवून देतो.’ मी हात पुढे केला आणि टेप लावायला लावली. मनगट पाऊण इंच कमी भरलं. जुन्या मापाचा ग्लोव्ह म्हणजे नुसता मोजा झाला असता.

धुणं रोज हाताने, साध्या साबणाने, कोमट पाण्यात. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत वाळवायचा. एकदा सासूबाईंनी मायेने गच्चीवर उन्हात टाकला आणि पंधरा दिवसांत तो सैल पडला. तेलानेही इलास्टिक मरतं, त्यामुळे खोबरेल लावून लगेच ग्लोव्ह चढवू नका. मी सकाळी बिनवासाचं क्रीम लावायचे, मुरू द्यायचे, उरलेलं पुसून मग घालायचे. क्रीम मात्र चुकवून चालत नाही. खोल भाजलं की तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी जातात, कातडी स्वतःहून ओली राहूच शकत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत माझा हात तडकायचा, दिवसातून चार वेळा लावावं लागायचं.

मालीश मॅडमनी शिकवलं. अंगठ्याने इतकं दाबायचं की वण पांढरा पडेल, आणि लहान गोल फिरवायचे, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यातच मला वणाचं घड्याळ सापडलं. मार्चमध्ये बोट उचललं की लाली क्षणात परत यायची. जुलैत ती सावकाश यायला लागली. पुढच्या दिवाळीला दाबलेला आणि न दाबलेला भाग जवळजवळ सारखा. लाली हळू परतते आहे म्हणजे वण पिकतो आहे. रोज आरशात बघण्यापेक्षा हे महिन्यातून एकदा बघावं, धीर येतो.

सिलिकॉन शीटबद्दल. ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात भाजल्याच्या वणांवर वापरायला लागले. तिच्यात औषध नसतं. ती वरून झाकण घालते, कातडीतला ओलावा उडू देत नाही आणि ओलावा टिकला की खालचा धागे विणण्याचा कारखाना मंदावतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय लावायची नाही. पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, असं वाढवत बारा तासांच्या वर न्यायचं. रोज शीट आणि हात दोन्ही धुवायचे. मी चौदाशेची शीट आणायचे, माझ्या कात्रीने मनगटाच्या आकाराला कोपरे गोल करून कापायचे (टोकदार कोपरा आधी सुटतो) आणि ग्लोव्हच्या आत घालायचे. एक शीट सहा-सात आठवडे टिकायची.

खाजेवर शीटचा उपयोग मला सगळ्यात आधी जाणवला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मऊपणा यायला मात्र तीन महिने गेले. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला आणि शीटखाली घामोळ्या उठल्या. तेव्हा शीट बंद करून ट्यूबमधलं सिलिकॉन जेल सुरू केलं, अगदी पातळ थर, पाच मिनिटं वाळू द्यायचा. पावसाळा लागल्यावर पुन्हा शीट. जेल सोपं पडतं, पण हाताला शीट जास्त मानवली. ज्यांचा वण चेहऱ्यावर आहे त्यांना जेलच सोयीचं पडेल.

रात्रीच्या स्प्लिंटचा, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या कडक आधाराचा, उल्लेख करते. ते या दुकानाचं नाही पण त्याशिवाय ग्लोव्हला अर्थ नव्हता. पंजाच्या पाठीवर भाजलं की वण बोटांना मागे ओढतो, म्हणून बोटांची मुळं वाकलेली आणि बोटं सरळ अशा स्थितीत हात बांधून झोपायचं. हात ज्या स्थितीत ठेवला की बरं वाटतं, नेमक्या त्याच स्थितीत तो आवळतो. पहिले दोन महिने मी रडत रडत बांधून घेतला. आमचे हे रोज रात्री पट्टे लावायचे आणि दिवा बंद करायच्या आधी विचारायचे, ‘टोचत नाही ना?’

आता उपयोग किती झाला हे प्रामाणिकपणे. कोपराच्या वरच्या पुरीएवढ्या डागाला ना ग्लोव्ह पोचला, ना शीट. तोही पाच आठवड्यांनीच भरला होता. तिथेही वण आला, आणि तोही आपोआप बसला. मॅडम दर तीन महिन्यांनी एका तक्त्यावर गुण द्यायच्या, १९९० पासून वापरात असलेली पद्धत आहे, रंग, लाली, मऊपणा आणि उंची मिळून तेरा, जितके कमी तितकं चांगलं. पाचव्या महिन्यात मनगटाला दहा आणि वरच्या डागाला नऊ होते. दोन वर्षांनी मनगटाला चार, वरच्या डागाला पाच. म्हणजे बराचसा उतार काळानेच आणला. शिवाय मनगटाच्या कडेच्या एका हट्टी गाठीला दहाव्या महिन्यात स्टेरॉइडची तीन इंजेक्शनं दिली, महिन्याच्या अंतराने, ती खूप दुखली. त्याचंही श्रेय काढून ठेवायला हवं.

पण आकड्यात न दिसणारा फरक आहे. वरच्या डागाची कड आजही बोटाला लागते, चिमटीत धरली तर जाड लागते. मनगट चिमटीत धरता येतं आणि वाकतं. आणि मुख्य म्हणजे कळसाच्या त्या चार-पाच महिन्यांत ग्लोव्ह घातला की खाज आणि ठणका निम्म्यावर यायचा, हात खाली सोडल्यावर जी रक्त उतरल्यासारखी कळ यायची ती थांबायची. माझ्यासाठी त्याची किंमत ग्लोव्हच्या किमतीपेक्षा मोठी आहे. त्याच्या जोरावर मी सातव्या महिन्यात मशीनवर बसले. डावा हात कापड सरकवतो, तो थांबला की घर थांबतं.

रंगावर मला दोन्हींचा काही परिणाम दिसला नाही, तशी फार आशा लावून घेऊ नका. माझा वण लालवरून तपकिरी झाला, कडेला काळसर आहे, जाळीच्या जागी फिका. उन्हाने तो आणखी काळा पडतो. अॅक्टिव्हावरून कॉलेज रोडला कापड आणायला जाताना पहिली दोन वर्षं मी वरून लांब बाही आणि सनस्क्रीन सोडलं नाही.

मापाच्या ग्लोव्हला पाचपैकी चार स्टार, बेचक्याचा आणि वेल्क्रोचा एक कापून. सिलिकॉन शीटला साडेतीन, उन्हाळ्यामुळे. दुकानाचं नाव विचारू नका. माझं माप ज्यांनी घेतलं त्या ताई आता तिथे नाहीत आणि या कामात दुकानापेक्षा माप घेणारा हात महत्त्वाचा. तुम्ही जिथे जाल तिथे तीन गोष्टी बघा. बोटागणिक माप घेतात का, शिवण बाहेर ठेवतात का, आणि आठ दिवसांनी बोलावून मोफत दुरुस्त करून देतात का. जुना ग्लोव्ह दुसऱ्याला देऊ नका. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका मुलीसाठी माझा मागायला आले होते. मी दिला नाही, तिच्या आईला सोबत घेऊन फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेले.

ग्लोव्ह अठराव्या महिन्यापासून फक्त रात्री, विसाव्या महिन्यात बंद केला. वण पुन्हा वर येतो का हे बघायला दोन महिने मापं घेत राहिले, आला नाही. आता हाताला केस नाहीत, घाम येत नाही, स्पर्श थोडा बोथट आहे. काल पैठणीच्या ब्लाउजच्या लटकनाची बारीक दोरी उरेब कापून सुईने उलटवली. पूर्वी दहा मिनिटांचं काम होतं, काल पंधरा लागली. दोरी सरळ उलटली, पीळ पडला नाही.